भाची अजून आलेली नाही

टिलरी बेंड
४ मार्च

वर्नाताई,

फोनवर मी नदीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहणार, आणि संध्याकाळच्या चहाला तू ते पुन्हा उचलणार. आईचाच स्वभाव आहे तो, मला नको शिकवू.

तर बातमी अशी. ज्या माणसानं उकिरड्यावरचे फुटके रेडिओ उचलून धंदा सुरू केला, ज्याच्या कर्ण्यांशिवाय ह्या गावात लग्न लागत नाही, घोडा धावत नाही आणि मढं मातीत जात नाही, त्या तुझ्या भावाला नगरपालिकेनं आता चक्क नदी दिली आहे. म्हणजे नदीचा आवाज. माणसांनी कानात बोंडं घालायची, खिशात फोन ठेवायचा आणि जुन्या धक्क्यापासून आजीच्या वळणापर्यंत काठाकाठानं चालायचं. ठिकठिकाणी खांब आहेत. खांबापाशी आलं की तिथं काय घडलं ते कानात कुणीतरी सांगतं. इथल्या मूळच्या, म्हणजे आपल्या माणसांचं आपली माणसं सांगतात, गोऱ्यांचं गोरे. नगरपालिकेनं त्याला लांबलचक नाव दिलंय. आपण बोलकी वाट म्हणतो.

आपल्या बाजूनं बोलायला मर्लमावशी. दुसरं आहे कोण? ताई, काय बोलते म्हातारी! मी ध्वनिमुद्रक घेऊन मागे मागे, आणि ती काठी टेकत पुढे, कुठे कोण बुडालं, कुठे कुणी कुणाला पळवून नेलं, कुठल्या कपारीत कॉड मासा बसतो आणि तो कुणाच्या गळाला लागत नाही. मला कापायला काही ठेवत नव्हती. मग आम्ही आजीच्या वळणावर आलो. मासे अडवायचे ते दगडांचे बांध पाणी उतरल्यामुळे वर आले होते. मी म्हटलं, "हं, मावशी, सुरू."

"यंत्र बंद कर."

"का?"

"इथलं माझं नाही."

"मग कुणाचं?"

"तुला माहीत आहे कुणाचं. उगाच भोळा होऊ नकोस, शोभत नाही तुझ्या टकलाला."

आता त्या जुन्या प्रकाराबद्दल मी काही बोलणार नाही. आजीनं बांधांची गोष्ट फक्त तुला दिली होती, गोष्टी गोळा करणारा तो प्रोफेसर आल्यावर मावशीनं चहाबरोबर ती त्याला सांगून टाकली, शेवट चुकीचा सांगितला, त्यानं तो तसाच छापला, ती पुस्तिका तू सगळ्यांसमोर नदीत भिरकावलीस आणि पश्चिमेची बस धरलीस, ह्यातलं काही मी काढणार नाही. बघ, काढलं का?

मागणं एवढंच आहे. ये आणि त्या वळणावर उभी राहून तुझी गोष्ट सांग. तुझ्याशिवाय ती कुणी सांगणार नाही, आणि मे महिन्यात वाट उघडायची आहे. मावशीनं मला लिहायला सांगितलेलं नाही. पाकिटावर तिकीट मात्र तिनं चिकटवलंय.

तुझा
लॉनी

---

टिलरी बेंड
२ एप्रिल

वर्नाताई,

तुझं कार्ड मिळालं. चित्रातला ब्रूमचा समुद्र फारच निळा आहे. कार्डाच्या मागे तू लिहिलेला "नाही" हा शब्दही अक्षरानं सुरेख. दुकानात काउंटरवर लावलाय. उधारी मागणाऱ्यांना दाखवायला बरा पडतो.

इकडची गंमत ऐक. वाट नीट जमलीय का हे बघायला नगरपालिकेचा ब्रेंडन आला. कोवळा साहेब आहे, इस्त्रीचा. मावशी त्याला "बाळा" म्हणते आणि तो लाजतो. त्याच्या कानात बोंडं घातली, धक्क्यावरून सोडला आणि मी दुकानात जाऊन बसलो. माझं काम चोख होतं. तीनतीनदा ऐकलेलं.

अर्ध्या तासानं साहेब परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात.

झालं होतं असं. मावशीचा आवाज सांगतो, "पुढे मोठं लाल गमचं झाड लागेल बाळा, त्याच्यापाशी उजवीकडे वळ." ब्रेंडन वळायला झाड शोधतोय. झाड कुठे आहे? ते मोठ्या पुरात गेलं, तू इथे होतीस तेव्हाच. मग बिचारा पुढे पुढे गेला, त्याला दुसरा एक मोठा गम दिसला, तिथून तो आज्ञाधारकपणे उजवीकडे वळला आणि सरळ गाळात उतरला. वर कानात मावशी चालूच, "घाबरू नको, पायाखालची वाट आहे."

मी मावशीकडे गेलो. ती जॉनीकेकच्या जाड भाकऱ्या भाजत होती.

"मावशी, ते झाड नाहीये आता."

"कुठलं?"

"वळणावरचं. पुरात गेलं."

"मला सांगतोस? माझ्या डोळ्यांदेखत गेलं. घराएवढी मुळं वर आली होती."

"मग त्याच्यापाशी वळायला का सांगितलंस?"

"दुसरीकडे कुठे वळणार? वळायची जागा तीच."

आणि ताई, खरी मेख पुढेच आहे. मी तीनदा ऐकलं म्हणालो ना? एकदा तर ऐकत ऐकत चाललोसुद्धा. त्या जागेवर आलो आणि वळलो. झाड नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. ह्या कानांना बाजाच्या एका भात्यातली गळती ऐकू येते, पण डोळ्यांनी काठावर झाड बघितलं ते बघितलंच. ब्रेंडनला वाटलं मी थट्टा करतोय. तुला सोडलं असतं तर तूही बरोबर तिथेच वळली असतीस. नाही म्हणून दाखव.

नवीन ध्वनिमुद्रण करायला मावशी तयार नाही. "झाड आहे तिथेच आहे, दिसत नाही हा त्याच्या डोळ्यांचा दोष," म्हणते. तूर्त तिथे मी एक पिवळा बाण रंगवलाय.

दुसरी डोकेदुखी एनिड पास्को. आठवते ना, जुन्या वस्तूंचं संग्रहालय सांभाळते, बोलताना दर वाक्याला आजोबा काढते. धक्का कुणी बांधला? एनिड म्हणते, तिच्या आजोबांनी, वाफेच्या बोटींसाठी. मावशी म्हणते, "म्हाताऱ्यानं बांधला? खुर्चीत बसून? ओंडके कुणी वाहिले ते विचार तिला." दोघींना समोरासमोर बसवलं तर दोघी एकदम बोलतात. शेवटी मी काय केलं, एनिडला डाव्या कानात घातली आणि मावशीला उजव्या. एका बाजूनं आजोबा, दुसऱ्या बाजूनं ओंडके. दोघींना वाटतं आपण जिंकलो. फक्त ज्याचं एक बोंड नादुरुस्त असेल त्याला अर्धाच इतिहास मिळेल.

तुझा थांबा अजून रिकामा आहे. तिथे मी नुसतं पाणी भरून ठेवलंय, म्हणजे पाण्याचा आवाज. चांगला आहे. पण तो काही गोष्ट सांगत नाही.

तुझा
लॉनी

---

टिलरी बेंड
१३ मे

वर्नाताई,

वाट उघडली. करी घातलेल्या अंड्यांची सॅंडविचेस संपली, भाषणं मात्र उरली.

पहिल्या खांबापाशी मावशी सगळ्यांना वाळू घ्यायला लावते. नदीवर आलं की मूठभर वाळू पाण्यात टाकायची आणि आपलं नाव सांगायचं, म्हणजे नदीला कळतं कोण आलंय. तुला हे काय सांगायचं? पण महापौरबाईंपासून बेकरीवाल्यापर्यंत सगळं गाव ओळीत उभं राहून नदीला नावं सांगतंय हे बघायला तू हवी होतीस. ब्रेंडननं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, खातं सांगितलं. मावशी म्हणाली, "बाळा, नदी नोकरी देत नाही."

पाचव्या थांब्यावर सरकारी वेल्फेअरची गाडी, आपली पोरं उचलून न्यायला यायची ती. आजी लांबून धूळ बघायची, तव्यावर पळी बडवायची आणि आपण सगळी पोरं लव्हाळ्यात. मावशी ते हसत सांगते. मला लव्हाळ्यात शिंका यायच्या, तू माझं नाक चिमटीत धरून बसायचीस, सगळं सांगते. मग एकदम थांबते आणि म्हणते, "सगळी पोरं परत घरी आली नाहीत." एवढंच. पुढे लव्हाळ्यातला वारा आहे. मी तो जरा लांब ठेवलाय. एनिडनं तिथे कानातली बोंडं काढली, रुमालात बांधली आणि पुढचं अर्धं अंतर मावशीच्या हाताला धरून चालली. आजोबांचं नाव नाही काढलं.

आणि आता ते. हे माझ्याकडून कळलेलं बरं.

वाट उघडायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाली, मला वळणावर ने आणि यंत्र आण. मला वाटलं म्हातारी पाघळली, सांगून टाकणार. तिनं बांधांकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि बोलली. जसंच्या तसं लिहितो:

"इथली गोष्ट माझी नाही. माझ्या भाचीची आहे. भाची अजून आलेली नाही. ती येईपर्यंत बसा इथे, आणि पाणी ऐका."

मी म्हटलं, "मावशी, हे ठेवायचं?"

"ठेवायचं नसतं तर चपला झिजवत आले असते का?"

ठेवलं. उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव तिथे पोचलं, ते ऐकलं आणि बसलं. गवतावर, दगडांवर, महापौरबाई तर पर्सवर. मला वाटलं दोन मिनिटांत उठतील. कुणी उठेना. शेवटी बाहेरगावची एक बाई उठली आणि मावशीला म्हणाली, "आंटी, कधी येणार आहे भाची?"

"तिला विचारा."

तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. बेकरीवाल्यानं फळ्यावर लिहिलंय: "भाची आली का? नाही. खिम्याची पॅटी मात्र गरम आहे." लोक वाट चालून आले की आधी तिथे विचारतात. मला रस्त्यात थांबवतात. काल न्हाव्याकडे एक अनोळखी माणूस अर्ध्या दाढीनं वळून म्हणाला, "तुम्हीच ना भाचीचे भाऊ?"

एवढी वर्षं घाम गाळून नाव कमावलं, ताई, आणि शेवटी झालो काय, तर भाचीचा भाऊ.

तुझा
लॉनी

---

टिलरी बेंड
२१ जून

वर्नाताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढं लांब पत्र तू आयुष्यात मला पहिल्यांदा लिहिलंस. त्यातल्या निम्म्या शिव्या आजीच्या आहेत. विसरलो होतो त्या, बरं वाटलं.

आता आरोपांकडे वळतो. तू ज्या राहत्या गाड्यांच्या कॅरॅव्हान पार्कच्या कचेरीत बसतेस तिथे येणारं प्रत्येक म्हातारं जोडपं गाडी लावायच्या आधी "तुम्हीच का त्या भाची?" असं विचारतं, ह्यात माझा काय दोष? जून-जुलैच्या हिवाळ्यात लोक गाड्या घेऊन ऊब शोधत पश्चिमेला जातात. जाताना वाटेत टिलरी बेंड लागतं. नदी दिसली की पाय मोकळे करावेसे वाटतात. पाय मोकळे करताना कानात काहीतरी हवं. ही निसर्गाची रीत आहे. तुझा पत्ता मी कुणालाही दिलेला नाही. एखाद्यानं विचारलं, ब्रूमला राहायला कुठे बरं, तर मी धंदेवाईक माणूस आहे, चांगली जागा सुचवतो. एखादीनं विचारलं, कचेरीतली बाई कशी आहे, तर मी म्हणतो, दिसायला माझ्यासारखी, फक्त केस जास्त.

बेंडिगोच्या त्या जोडप्यानं तुला पाणी ऐकवलं हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी तो तुकडा फोनवर ठेवला आणि तू कचेरीची खिडकी लावून ऐकलास. पूर्ण. त्यांनीच मला कळवलं. खिडकी लावल्यावर तू बराच वेळ किल्ली देत नव्हतीस, आणि मग त्यांना समुद्राकडची जागा दिलीस, सांगितली होती तिच्यापेक्षा मोठी.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण तू विचारलंस, "म्हातारी कशी आहे," ते पत्राच्या अगदी खाली, सहीच्याही नंतर. म्हणून सांगतो. तिचा दम कमी झालाय. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, सांभाळून वापरा. वाट ती आता चौथ्या खांबापर्यंतच चालते. पुढे मी गाडीनं नेतो, घडीची खुर्ची टाकतो. ती तासभर बसते. लोक येतात, तिचाच आवाज कानात ऐकतात, समोर तीच बसलेली बघतात आणि गोंधळतात. "भाची अजून आलेली नाही?" विचारतात. ती म्हणते, "मी तुमच्यासारखीच थांबलेय."

जीभ एकदम ठणठणीत आहे. ती थकायची लक्षणं नाहीत.

तुझा
लॉनी

---

टिलरी बेंड
१७ जुलै

वर्नाताई,

ध्वनिमुद्रण पोचलं. तू सांगितलंस. आधी तेवढंच लिहितो आणि टेबलावर हात ठेवून जरा बसतो.

हं. आता पुढचं.

मी दुकानाचं दार लावलं, चांगले वाले हेडफोन काढले आणि ऐकलं. गोष्ट इथे लिहीत नाही. ती कागदावर एकदा गेली तेवढं पुरे. पण लहानपणी तू मला गोधडीखाली तिचा अर्धा भाग सांगितला होतास आणि "बाकीचं तुझं नाही" म्हणून कुशीवर वळली होतीस. आज बाकीचं ऐकलं. बाकीचं जास्त चांगलं आहे.

फक्त एक अडचण. तुझ्या मागे समुद्र आहे.

तुला वाटलं असेल खिडक्या लावल्यात. लावल्या आहेत. पण लाट आहे, ताई, तळाशी, सारखी, कुणीतरी झोपेत श्वास घेतंय तशी. वर समुद्रपक्षी. दोनदा. एकदा तर अगदी जिथे आजी पहिला दगड उचलते तिथे. मी रात्रीचं जेवण सोडून साफ करत बसलो. पक्षी काढले. लाट दाबली. मागे आपलं पाणी घातलं, वळणावरचं, हलकं. सांगतो, ह्या देशातल्या कुणाही कारागिराला सांधा सापडला नसता.

मावशीला खुर्चीवर बसवून ऐकवलं. तुझा पहिला शब्द आला आणि तिनं काठी खाली ठेवली. शेवटपर्यंत डोळे मिटून. संपल्यावर म्हणाली, "ही उभी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"पाय कुठे आहेत हिचे? पाणी हिच्या मागून येतंय. आपल्या वळणावर पाणी समोर असतं."

मी म्हटलं, "ब्रूमला आहे ती. मी नदी मागून घातली."

"नदीची गोष्ट, आणि पोरगी उभी खाऱ्या पाण्याकडे पाठ करून. नाही चालायचं."

"मावशी, दिली ना तिनं? एवढ्या वर्षांनी दिली. घे की."

"जागेची गोष्ट जागेवर उभं राहून सांगायची. हे मी नाही ठरवलं. तिला विचार, तिला माहीत आहे."

मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज माझ्या आईसारखा झालाय तिचा."

मला विचारशील तर नियम खरा आहे. आजीही तेच म्हणायची. पण मी कानानं पोट भरणारा माणूस आहे. नियम सांगताना माणसाचा आवाज एक असतो आणि बोलावताना दुसरा. म्हातारीचा दुसरा होता.

तुझं ध्वनिमुद्रण मी वाटेवर लावलेलं नाही. समुद्र परत घालून, होतं तसं, माझ्याकडे ठेवलंय. वळणावर अजून तेच वाजतं: भाची अजून आलेली नाही. बेकरीवाल्याचा फळाही तोच.

तुझा
लॉनी

---

टिलरी बेंड
५ ऑगस्ट

वर्नाताई,

तार केल्यासारखं पत्र लिहिलंस, "गुरुवारची बस." म्हणून मीही थोडक्यात.

मी बसथांब्यावर येणार नाही. मावशीनं बजावलंय, आधी तिला नदीवर जाऊ दे, मग माणसांत. बेकरीवाल्याला मी काही सांगितलेलं नाही. त्यानं खडू मात्र नवीन आणलाय, ते कसं काय ते मला माहीत नाही. घराला कुलूप नाही. चहा वरच्या फळीवर. मावशी वळणावर असेल, खुर्चीत. थंडी आहे, कोट आण. ब्रूमला लोक कोट विसरतात.

लॉनी

---

टिलरी बेंड
१२ नोव्हेंबर

वर्नाताई,

ब्रूमचं सामान आवरायला जाते म्हणालीस त्याला आता बरेच दिवस झाले. एका खोलीत एवढं सामान? की तुझ्या त्या शिंपल्यांच्या बरण्याच गुंडाळत बसली आहेस? मावशी रोज विचारत नाही. रोज फक्त बस यायच्या वेळी रस्त्याकडे तोंड करून बसते.

तू इथे होतीस तेव्हा काही गोष्टी बोलायच्या राहिल्या. समोरासमोर तुला सांगायला गेलं की तू "भांडी घास" म्हणतेस. म्हणून लिहितो.

पहिली. त्या गुरुवारी मी बसथांब्यावर आलो नाही हे खरं आहे. नदीकाठच्या पंपघराच्या मागे होतो हेही खरं आहे. यंत्र बंद होतं. पण कानांना बटण नसतं. तू बॅग खाली ठेवलीस, वाळू उचललीस आणि मूठ मिटून उभीच राहिलीस. मला वाटलं नाव विसरली की काय. मग आईचं नाव लावून म्हणालीस, "मी वर्ना. डॉटची थोरली." आणि मग हळूच, "उशीर झाला." नदीनं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मला शिंक येत होती आणि नाक धरायला ह्या वेळी कुणी नव्हतं.

दुसरी. वळणावर तुम्ही दोघी. एवढ्या वर्षांनी समोरासमोर आलात, मला वाटलं आता रडारड होणार. मी मुद्दाम लांब उभा राहिलो. मावशीनं तुला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जाड झालीस." तू म्हणालीस, "तू वाळलीस." झालं. एवढ्यावर मिटलं? मी आपला खिशात रुमाल घेऊन उभा.

मग तू गोष्ट सांगितलीस, पाणी समोर घेऊन. ती वाटेवर आहे, सगळे ऐकतात, त्याबद्दल काही लिहीत नाही. पण ती संपल्यावर यंत्र चालूच होतं, आणि त्यानंतरचं फक्त माझ्याकडे आहे. मावशी म्हणते, "असा आहे होय शेवट?"

तू म्हणतेस, "म्हणजे? तुला माहीत नव्हता?"

"कसा असणार? तुझ्या आजीनं मला अर्ध्यावर आणून सोडलं होतं. म्हणाली, बाकीचं तुझं नाही. तो प्रोफेसर पेन उघडून बसलेला, बिस्किटं खाऊन झालेली. मी दिला एक शेवट लावून."

मग इतका वेळ नुसतं पाणी आहे की मला वाटलं बॅटरी गेली. आणि मग तू हसतेस. ताई, मी तुझं हसणं आधी ओळखलंच नाही. मग मावशी. मग तिला ठसका, आणि तुझी धावाधाव. हा तुकडा मी वाटेवर लावलेला नाही. कुणाला ऐकवलाही नाही. तुझ्यासाठी ठेवलाय, येशील तेव्हा देईन.

तिसरी गोष्ट, तू विचारलं होतंस, मावशीचं जुनं वाक्य काढलं का. मी काढणारच होतो. भाची आली, आता "आलेली नाही" कशाला? मावशीनं काढू दिलं नाही. "मी बोलले ते बोलले," म्हणते. मग मी काय केलं ते तुला माहीत नाही. त्या दिवशी गोष्ट सुरू करण्याआधी तू खुर्चीपाशी आलीस आणि तिला काहीतरी म्हणालीस, आठवतं? ते मी मावशीच्या वाक्याला जोडलं. आता लोक शेवटच्या खांबापाशी येतात तेव्हा आधी मावशी म्हणते, भाची अजून आलेली नाही, ती येईपर्यंत बसा इथे आणि पाणी ऐका. लोक बसतात. पाणी वाहतं. चांगलं पोटभर वाहतं, मी घाई केलेली नाही. आणि मग अचानक तुझा आवाज:

"आले गं, मावशी. सरक जरा."

माणसं दचकून मागे वळून बघतात. रोज. एनिड पास्को तर तीनदा ऐकून आली आणि तिन्ही वेळा दचकली. बेकरीवाल्यानं फळा पुसलाय. तिथे लिहिलंय: "आली." खाली पॅटीचं काहीच नाही. त्याच्यासारख्या माणसानं धंदा सोडून तेवढाच शब्द लिहावा, ह्यावरून समज.

आता झाड. तू जायच्या आदल्या सकाळी आपण लावलं ते लाल गमचं रोप. कल्पना तुझी, खड्डा माझा, आणि "जरा डावीकडे, अजून डावीकडे" ही देखरेख मावशीची. जुन्या झाडाच्या बरोबर जागेवर. मी पिवळा बाण खरवडून काढला. आता मावशीचा आवाज म्हणतो, मोठ्या लाल गमपाशी उजवीकडे वळ, बाळा. लोक येतात, गुडघ्याएवढ्या रोपापाशी थांबतात, आणि ताई, तू बघायला हवंस, प्रत्येक जण आधी मान मागे टाकून वर बघतो. उंच. मग वळतो. एकही जण चुकला नाही. ब्रेंडन परवा सपत्नीक आला, तिला म्हणाला, "हाच तो." ती म्हणाली, "केवढा मोठा असेल!"

तर मुद्दा असा. उन्हाळा तोंडावर आलाय. रोपाला पहिला उन्हाळा काढायला रोज पाणी लागतं, बेतानं, मुळाशी. हे काम तू अंगावर घेतलं होतंस. तू गेल्यापासून ते मावशी करते. मी तिला खुर्चीत बसवतो, बादली जवळ ठेवतो, आणि ती बस येऊन जाईपर्यंत ओतत राहते. मी म्हटलं, मावशी, पुरे, कुजेल ते. म्हणते, "तिला सांग, माझा हात थांबत नाही."

सांगितलं. आता रोप वाचवायचं असेल तर बरण्या तिथेच ठेव आणि ये.

तुझा
लॉनी